जुलैतला गारवा सूर्य लांब गेल्यामुळे नाहीये

परवा फॅमिली ग्रुपवर आत्याने तो मेसेज टाकला आणि तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवरही तोच आला. तुम्हालाही आला असेलच. "उद्या पहाटे ५.२७ पासून अल्फेलियन सुरू, पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, ९ कोटी किमीचं अंतर १५ कोटी २० लाख किमी होणार म्हणजे ६६ टक्के जास्त, २२ ऑगस्टपर्यंत कडक थंडी, त्याने ताप, खोकला, श्वासाचे त्रास होणार." आत्याने काळजीपोटीच पाठवलाय, म्हणून नीट उत्तर लिहितोय.

आधी ते अंतर. १५ कोटी २० लाख हा आकडा बरोबर आहे, पण ९ कोटी किमी अंतर कधीच नसतं. सरासरी अंतर १४ कोटी ९६ लाख किमी, म्हणजे ९ कोटी ३० लाख मैल, तेव्हा कुणीतरी मैलांचा आकडा किमी म्हणून चिकटवलेला दिसतोय. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो (उपसूर्य), तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किमी, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात लांब (अपसूर्य, इंग्रजीत अफेलियन, मेसेजमधलं "अल्फेलियन" ते हेच), तेव्हा १५ कोटी २१ लाख. फरक ५० लाख किमी, जेमतेम साडेतीन टक्के. मेसेजमधला आकडा खरा असता ना तर जवळ असताना आपल्याला जवळपास पावणेतीन पट ऊन मिळालं असतं, मग इथे कोण राहिलं असतं!

"लांब म्हणून थंडी." मग सांगा, निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या कधी येतात, शेकोट्या कधी पेटतात? डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे नेमकं सूर्य जवळ असताना. अंतरामुळे जानेवारीत ७ टक्के ऊन जास्त मिळतं हे खरंय, पण पृथ्वीचा आस २३.४ अंश कललेला आहे त्यामुळे पुण्यात तेव्हा भर दुपारी सूर्य ४८-४९ अंशांपर्यंतच चढतो, ऊन तिरपं पडून पसरतं आणि नुसत्या त्या तिरपेपणाने दुपारचं ऊन पावभर कमी होतं, वर दिवस दोन तासांनी लहान. सात टक्के मिळाले आणि पंचवीस गेले, असा हिशोब आहे. आणि अख्ख्या पृथ्वीचं सरासरी तापमान तर जुलैत जानेवारीपेक्षा तीन अंशांहून जास्तच असतं, कारण उत्तर गोलार्धात जमीन जास्त आणि जमीन पटकन तापते, दक्षिणेकडे ८० टक्क्यांच्या वर नुसतं पाणी आहे ते सावकाश तापतं.

मग जुलैत गार का वाटतं? खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त आवडतो तो हा भाग. उन्हाळ्यात राजस्थान-सिंध-बलुचिस्तानचा पट्टा भट्टीसारखा तापतो, तिथली हवा वर जाते आणि कमी दाब तयार होतो. तिकडे मॅडागास्करच्या पूर्वेला, दक्षिण हिंदी महासागरात तेव्हा हिवाळा, तिथे जास्त दाब. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते, विषुववृत्त ओलांडते, पृथ्वी फिरते त्यामुळे उजवीकडे वळते, सोमालियाच्या किनाऱ्याला लागून जोरात वाहत अरबी समुद्रावरून बाष्प उचलत येते आणि सह्याद्रीला धडकते. वाटेत ती समुद्रालाही ढवळते, सोमालियाजवळ खालचं थंड पाणी वर येतं, तिथला प्रवाहसुद्धा ऋतूप्रमाणे दिशा बदलतो. मग इथे ढगांनी ऊन अडवलं, पाऊस पडला, गारवा आला. त्याच तारखेला, सूर्यापासून तेवढ्याच अंतरावर, दिल्लीत ३५ अंश असतात.



"५.२७ ला सुरू, २२ ऑगस्टला संपणार." अपसूर्य हा कक्षेतला एक बिंदू आहे, पृथ्वी तिथून दरवर्षी जाते, नवीन काहीच नाही. आपल्या पंचांगात पण हे दिसतं की! लांब असताना पृथ्वीचा वेग कमी, म्हणून सूर्य मिथुन राशीत साडेएकतीस दिवस रेंगाळतो आणि धनु राशीतून साडेएकोणतीसच्या आत निघतो. सूर्य एका राशीत असा रेंगाळला की एखादा चांद्र महिना सूर्याने रास न बदलताच संपतो आणि तोच धोंड्याचा (अधिक) महिना धरतात; तो बहुतेक चैत्र ते आश्विन यातच येतो तो त्यामुळेच, २०१८ ला ज्येष्ठ, २०२० ला आश्विन, २०२३ ला श्रावण, २०२६ ला परत ज्येष्ठ.

राहिला ताप-खोकला. पावसाळ्यात फ्लू, डेंग्यू, मलेरिया, लेप्टो हे सगळं वाढतं, पण ते विषाणू, डास आणि साचलेल्या पाण्यामुळे. आणि मला राग इथेच येतो, कारण "अल्फेलियनमुळेच आहे, २२ ऑगस्टनंतर जाईल" म्हणून कुणी ताप अंगावर काढला तर डेंग्यूत ते महागात पडतं. आत्या, स्वेटर घाल हवं तर, पण ताप दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घे, आणि गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांमधलं पाणी आजच ओतून टाक.