दुर्बीण घेताना ‘झूम किती?’ विचारू नका

काल जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. “नातवाला टेलिस्कोप घ्यायचाय. एक बघून ठेवलाय, ५२५ पट मोठं दिसतं म्हणे. घेऊ ना?” मी तिथल्या तिथे ‘नको’ म्हणालो. उभ्या उभ्या कारण नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

तसाच खोका मी मुलीसाठी आणला होता. ती तेव्हा चौथीत. वर शनीची कडी आणि रंगीत तेजोमेघ छापलेले, आत ६० मिलिमीटर व्यासाचं भिंग. ते ५२५ येतात कुठून? भिंगाची फोकल लेंथ, म्हणजे भिंगापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतचं अंतर, ७०० मिलिमीटर. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं छोटं भिंग, ४ मिलिमीटरची. ७०० भागिले ४, म्हणजे १७५ पट. त्यावर तिप्पट करणारी बार्लो लेन्स लावली की ५२५. हिशोब बरोबर आहे, पण भिंगाला ते पेलत नाही. व्यासाच्या दर मिलिमीटरमागे साधारण दोन पट, ही वरची मर्यादा. ६० च्या भिंगाला १२०. त्यापुढे चित्र मोठं होतं आणि तेवढंच धूसर होत जातं.

आणि स्टँड. फोकसच्या चाकाला बोट लावलं की सगळी नळी थरथरायची. डिसेंबरातली नाशिकची थंडी, गच्चीवर स्टुलावर उभी राहिलेली पोर, आणि दर दोन मिनिटांनी “बाबा, गुरू गेला परत.” चार रात्रींनंतर तिने दुर्बिणीचं नाव काढलं नाही. वस्तू वाईट आहे हे मुलांना कळत नाही, त्यांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

दोन वर्षांनी एका मित्राबरोबर त्र्यंबकच्या पुढे हरसूलच्या बाजूला गेलो. त्याच्याकडे सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण होती. तिला तिपाई नाही, जमिनीवर ठेवायची लाकडी बैठक. नळी हाताने ढकलायची, सोडली की तिथेच थांबते. जॉन डॉब्सन नावाच्या माणसाने सॅन फ्रान्सिस्कोत १९६० च्या दशकात ही साधी रचना रूढ केली. तिच्यात भिंगाऐवजी आरसा असतो, हा १५० मिलिमीटरचा, म्हणजे आमच्या भिंगाच्या सहा पट प्रकाश गोळा करणारा. त्यात २५ मिलिमीटरची आयपीस होती, फक्त ४८ पट. त्या ४८ पटीत मुलीला गुरूवरचे पट्टे दिसले, आणि शेजारी एका ओळीत चार चंद्र, गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले. ती काही बोलली नाही. डोळा काढून वर आकाशात बघितलं, परत आत बघितलं.

म्हणून काका, विचारायचं ते एवढंच: आरसा किंवा भिंग केवढं, आणि स्टँड हलतो का. ऐपत आणि ठेवायला जागा असेल तर सहा इंची डॉब घ्या. ती जड असते, आरसे अधूनमधून जुळवावे लागतात, आणि वापरण्याआधी अर्धा तास गच्चीवर थंड होऊ द्यावी लागते. तेवढं करायचं नसेल तर ७×५० किंवा १०×५० चं (सात किंवा दहा पट, भिंगं ५० मिलिमीटरची) बायनॉक्युलर आणा. कृत्तिका त्यातून जितक्या सुंदर दिसतात तितक्या मोठ्या दुर्बिणीतूनही दिसत नाहीत, कारण तिथे अख्खा पुंजका नजरेत मावत नाही. मृगातला तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिकाही सापडते, पण त्यासाठी शहराबाहेर जा. कॉलेज रोडच्या दिव्यांत कुठलीच दुर्बीण ती नीट दाखवणार नाही. चंद्र आणि ग्रह मात्र घराच्या गच्चीवरून खुशाल बघा.

मे महिन्यात घेऊ नका. जून ते सप्टेंबर ढगच असतात आणि नव्या वस्तूचा उत्साह पेटीतच विरतो. दिवाळीच्या आसपास घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. स्वस्त दुर्बिणींबरोबर कधी कधी आयपीसला लावायचा छोटा सूर्यफिल्टर येतो. तो फेकून द्या. उष्णतेने तो तडकतो आणि डोळा क्षणात जातो. सूर्य बघायचाच तर नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण बसणारा योग्य फिल्टरच हवा.

आपल्या गावात सिंहस्थ भरतो तो गुरू सिंह राशीत आला की. सूर्याभोवती एका फेरीला त्याला जवळपास बारा वर्षं लागतात, म्हणून बारा वर्षांनी. गोदाघाटावरची गर्दी ओसरली आणि ढग हटले की नातवाला पहाटे गच्चीवर न्या आणि सिंह राशीत तो गुरू शोधून दाखवा. घेण्याआधी डॉबमधून एकदा बघायचं असेल तर आमच्याकडे या, आता आमचीही आहे. मुलगीच लावून देईल.