सातवीच्या पोरांना सातबारा दाखवा ना

मोठी पोस्ट आहे, शिक्षक मंडळींनी चहा घेऊन बसा, बाकीच्यांनी वाचली तरी चालेल.

बालभारतीच्या सातवीच्या इतिहासात पहिला धडा कुठला, तर ‘इतिहासाची साधने’. आठवीत पहिला धडा? तोच. नववीत? परत तोच. म्हणजे पुस्तक करणाऱ्यांनी आपलं काम चोख केलंय, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण वर्गात होतं काय, फळ्यावर भौतिक, लिखित, मौखिक असे तीन रकाने, प्रत्येकाखाली दोन-दोन उदाहरणं, पाठ करा, रिकाम्या जागा भरा आणि चला पुढे. ठाण्या-ऐरोलीतलं पोर सलग तीन वर्षं साधनांच्या व्याख्या घोकतं आणि एक साधन हातात धरून बघत नाही.

मी पूर्वी शाळेत शिकवायचे, आता काही मैत्रिणींबरोबर शिक्षकांसाठी अस्सल कागदपत्रांवरून इतिहासाची छोटी युनिट्स बनवते. यात सगळ्यात वाईट चाल कुठली असेल तर शिक्षकाच्या अंगावर मटेरियल फेकायचं. एका प्रशिक्षणात आम्हाला भली मोठी पीडीएफ मिळाली होती, नुसते स्कॅन, खाली एक ओळ, ‘यावर वर्गात चर्चा घडवून आणा’. अहो कधी? 35 मिनिटांचा तास, त्यात हजेरी, साठ पोरं, बाईंना मधेच ऑफिसमधून यू-डायसच्या, म्हणजे सरकारला द्यायच्या शाळेच्या आकडेवारीच्या, माहितीसाठी बोलावणं, निवडणूक आली की बीएलओची म्हणजे मतदार यादीची ड्युटी. चर्चा घडवून आणा म्हणे.

माझं मत सरळ आहे. शिक्षकाला शंभर साधनं नकोत, दोन द्या, छोटी द्या आणि एकमेकांशी न जुळणारी द्या. एकच कागद दिला की पोरं तो खरा मानून उतरवून घेतात, गाईड वाचल्यासारखी. दोन कागद भांडायला लागले की वर्ग आपोआप जागा होतो.

सोपं उदाहरण घ्या. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी, 14 डबे, 400 पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण प्रवासाला वेळ किती लागला? काही ठिकाणी 57 मिनिटं सापडतात, काही ठिकाणी सव्वा तास. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पोरांचे प्रश्न सुरू होतात, मधले थांबे धरून का सोडून, घड्याळ कोणाचं, कोण लिहितंय, तो गाडीत बसला होता का. आणि मग एक सर हळूच विचारतात, ‘मॅडम, पेपरात यातलं कुठलं लिहायचं?’ मला हसू येतं पण सरांचा दोष नाही हो, मार्क त्यांच्या वर्गाचे जातात.

आता सातबारा. हे युनिट माझं सगळ्यात लाडकं. नवी मुंबईतल्या गावठाणातल्या पोरांच्या घरी, ट्रंकेत म्हणा, देव्हाऱ्याखालच्या पिशवीत म्हणा, जुने हातानं लिहिलेले उतारे असतात. नाव आणि सर्व्हे नंबर झाकून झेरॉक्स काढायची आणि वर्गात वाटायची. वरचा भाग नमुना सात, जमीन कोणाची, खालचा बारा, पीक काय. एका उताऱ्यात आजोबांच्या नावाला कंस केलेला, शेजारी गोलात फेरफारचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, नंबर. खाली पिकाच्या रकान्यात भात, भात, भात, आणि मग पड, म्हणजे पीकच नाही. पोरांना आधी कंसाचा अर्थच लागेना, परीक्षेत कंस म्हणजे योग्य पर्याय निवडा. कंस म्हणजे त्या माणसाचा हक्क कमी झाला, हे कळल्यावर वर्ग जरा गप्प झाला.

त्याच युनिटचा दुसरा कागद म्हणजे आजी. गृहपाठ एवढाच, घरी विचारून या. ज्याच्या आजोबांचा तो उतारा, तो मुलगा विचारून आला तर आजी म्हणाली, पड कसली, आम्ही पुढचे दोन पावसाळे भात लावलं होतं तिथं. झालं! कागदावर पड, आजीच्या तोंडी भात. एकजण म्हणाला, आजी विसरली असेल. मागच्या बाकावरून उत्तर आलं, तलाठ्यानं चावडीत बसून लिहिलं असेल! मी बीएडला साधनांच्या विश्वसनीयतेवर जे काही वाचलं ते सगळं त्या एका वाक्यात आलं, आणि तेही अशा पोराकडून ज्याला ‘मौखिक साधन म्हणजे काय’ याला शून्य मार्क असतात.

यावर काही मुख्याध्यापक म्हणतात, विषय नाजूक आहे, राजकारण नको. मला हे पटत नाही. 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं, त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या 95 गावांच्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला, 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढा विकसित भूखंड परत द्यायची, योजना आली. नवी मुंबईच्या विमानतळाला त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून मोर्चे निघाले ते पोरांनी स्वतः पाहिलेत. फ्रेंच राज्यक्रांती शिकवायला आपल्याला अजिबात भीती वाटत नाही, ती लांब झाली ना!

गॅझेटियरचं, म्हणजे इंग्रजांनी काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाचं, मात्र जपून. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर 1882 चं, माहितीची खाण आहे, मीठागरं, बंदरं, पिकं, सगळं. पण ते लिहिणारा इंग्रज साहेब एकेका जातीचं रूप, सवयी, स्वभाव दोन-चार वाक्यांत निकालात काढतो. वर्गात निम्मी पोरं आगरी-कोळी, तो उतारा त्यांच्यासमोर तसाच टाकणं हा निव्वळ निष्काळजीपणा. आम्ही तो देतो, पण आधी प्रश्न देतो, हे साहेबाला सांगितलं कोणी, आणि त्यानं विचारलं कोणाला? मग तो उतारा आगरी लोकांबद्दल कमी आणि साहेबाबद्दल जास्त सांगायला लागतो.

आणि जुन्या कागदांची मोडी लिपी येत नाही म्हणून पेशवेकाळ सोडून देऊ नका. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, छापून कधीचे पडलेत. 1737 ला मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, आज तिथं जेल आहे म्हणून आत जाता येत नाही, पण त्या मोहिमेची पत्रं वर्गात आणता येतात. फक्त अख्खं पत्र देऊ नका, चार ओळी, सोबत शब्दार्थ, बस्स. शिक्षकाची टिपणं पाठपोट एका पानात. दुसरं पान उलटायला वेळ नसतो कोणाला.

पुढचं युनिट बेलापूरपट्टीतल्या मीठागरांवर करतोय. कोणाकडे जुन्या पावत्या, हिशेबाच्या वह्या, भाड्याचे कागद असतील तर इनबॉक्समध्ये फोटो टाका, नावं झाकून टाका, आणि मूळ कागद कृपा करून लॅमिनेट करू नका.