नवतप्यात शेकोटी

मे महिना संपत आलेला, नवतपा सुरू झालेला, रात्रीचे साडेअकरा वाजलेले आणि मी लाकडं फोडत होतो. कॉम्प्युटरवर. कुलर फुल्ल असूनही बनियन पाठीला चिकटलेलं, आणि पडद्यावर माझ्या खानावळीत बसलेल्या सहा गिऱ्हाइकांच्या डोक्यावर निळी चिन्हं नाचत होती. अर्थ असा, की मंडळींना थंडी वाजतेय, शेकोटीत लाकूड टाका. दुपारी 45 च्या पुढे गेलेला पारा अजून भिंतींतून बाहेर पडत होता, आणि त्या नागपुरात बसून मी परक्या माणसांच्या हुडहुडीची काळजी वाहत होतो.

हा गेम पोराचा. परीक्षा संपल्यावर त्याने घेतला, दोन दिवसांत कंटाळला आणि ‘बाबा, तुम्हाला जमेल, स्लो आहे’ म्हणून माझ्या गळ्यात बांधला. युरोपातलं मध्ययुग, आडरस्त्याला एक टॅव्हर्न, म्हणजे बिअरही मिळणारी खानावळ, आणि आपण तिचे मालक. मालक म्हणजे आचारी, वाढपी, झाडूवाला, पाणक्या, सगळं एकच. पैसे साठले की वेटर ठेवता येतो. तो दमतो. दमला की खांबाला टेकून उभा राहतो आणि संध्याकाळी पगार घेतो. याचं मला विशेष काही वाटलं नाही, मी 20 वर्षं ऑफिसात काढली आहेत. खरा जीव जातो तो हिरव्या पट्टीपायी. गिऱ्हाईक टेकलं रे टेकलं, की त्याच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी उगवते. उशीर झाला की ती पिवळी होते, मग लाल, आणि मग तो मनुष्य उठून गावभर आपली बदनामी करतो. स्वप्नातसुद्धा मला लोकांच्या डोक्यांवर पट्ट्या दिसायला लागल्या. ऑफिसात साहेबांच्या डोक्यावर तर लालच.

बायकोचं माहेर वर्ध्याचं, म्हणजे दारूबंदीचा जिल्हा. तिने फोनवर आईला सहज सांगितलं, ‘हे रोज रात्री एक-एक वाजेपर्यंत बिअर गाळत बसतात.’ दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सासऱ्यांचा फोन. सासरे खादी घालतात, अजून सूत काततात.

‘जावईबापू, काही अडचण आहे का?’

मी म्हटलं, बाबा, गेम आहे तो, खोटी बिअर.

‘सुरुवात खोट्यानंच होते.’

मग मला नाही ते शहाणपण सुचलं. म्हटलं, तशी ती बिअरही नव्हे, एल. त्या काळी इंग्लंडात एलमध्ये हॉप्स, म्हणजे बिअर टिकवणारी कडू फुलं, घालत नसत, म्हणून चार दिवसांत आंबून जाई. मग ती घरोघरी थोडी थोडी करायची, आणि करणाऱ्या बहुतेक बायाच असत. 1266 च्या सुमारास कायदा आला, की पाव आणि एलचा भाव धान्याच्या भावाप्रमाणे ठरेल. ताजी एल तयार झाली की दारावर झुडूप बांधलेली काठी लावायची, मग गावाने नेमलेला चाखणारा येऊन चव घेणार. सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हणजे अभ्याससुद्धा करता तुम्ही,’ म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याच रात्री कुलर गेला. झोपायला जाताना बायको सांगून गेली होती, ‘टाकीत पाणी भरा.’ मी ‘हो’ म्हटलं होतं आणि पाणी भरलंही होतं. विहिरीवरून अकरा बादल्या. तिकडच्या विहिरीवरून, तिकडच्या पिंपांत. एकच्या सुमारास जळका वास यायला लागला तेव्हा मी आधी आचाऱ्याकडे पाहिलं. आचारी निवांत ओट ढवळत होता. भट्टी बघितली, कोंबडी बघितली, वरच्या खोल्या बघितल्या. शेवटी आतून बायकोचा आवाज आला, ‘अहो, कुलर जळतोय!’ टाकी कोरडी ठणठणीत, पंप काळाठिक्कर. खसच्या ताट्या तेवढ्या वाचल्या.

नवतप्यात कुलरचा मिस्त्री मिळणं आणि मांडवात नवरदेवाचा मामा सापडणं, सारखंच. तो फोन उचलतो, ‘येऊनच राहिलो साहेब’ म्हणतो, आणि पुढचे तीन दिवस येऊनच राहतो. शेवटी माझे मामा धावले. त्यांच्याकडे जुने पंप पडलेले होते. इतवारीत 30 वर्षं त्यांचं सावजी भोजनालय होतं. सहा टेबलं, चार कुलर. गुडघे गेले, मुलाला त्यात रस नव्हता, बंद केलं. तेव्हापासून मामा रोज सकाळी पेपर शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत वाचतात आणि दुपारी पुन्हा पहिल्यापासून.

पंप बसवून झाला, पन्हं झालं, आणि मामांची नजर पडद्यावर गेली.

‘हे काय करून राहिला बे?’

‘खानावळ चालवतोय मामा.’

मामांनी चष्मा लावला. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. पेशंट तपासताना डॉक्टर जसा जिभेवरून डोळ्यांवर जातो, तसे ते टेबलांवरून भट्टीवर, भट्टीवरून दारावर गेले.

‘उधारी कोठी लिहतं?’

‘उधारी नाही यात.’

‘नाई? मंग हे गाव हाये का काय हाये?’ पुन्हा थोडा वेळ शांतता. ‘रस्सा दुसऱ्यांदा मागितला तं?’

‘पुन्हा पैसे.’

‘रश्श्याचे?’ मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बहिणीचं पोर म्हणून हात उचलला नाही इतकंच.

मग मी त्यांना खूश करायला म्हणून एक गोष्ट सांगितली. तिकडे शिळ्या पावाचा जाड काप ताटासारखा पुढ्यात ठेवत, ट्रेंचर म्हणत त्याला. वरचं खाऊन झालं की रस्सा मुरलेला तो काप गरिबाला देत, नाहीतर कुत्र्याला.

‘म्हंजे आपली पत्रावळच,’ मामा खुलले. ‘भांडी धुवाले पोरगं नाई लागत. हुशार होते लोकं.’ वरच्या मजल्यावर एका पलंगावर दोन-तीन अनोळखी प्रवासी झोपत, हेही त्यांना पटलं. त्यांनी आयुष्यभर लग्नघरीच मुक्काम केलेले. चाखणारा अधिकारी तर त्यांनी न सांगताच ओळखला. ‘फुकट पिऊन जात असंन,’ म्हणाले.

मग मेन्यू उघडला. ओटची पेज. कोबी आणि जवाचं पातळ. भाजलेली कोंबडी.

‘तिखट कायचं टाकतं?’

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण सासऱ्यांना व्याख्यान दिल्यापासून मला तोंड फुटलं होतं. म्हटलं, मामा, मिरची नव्हतीच तिकडे. मिरची मूळची अमेरिकेतली. 1492 मध्ये कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतर ती युरोपात आली.

‘मरू दे तो युरोप. आपल्याकडं तं होती ना?’

‘नाही मामा. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. तीसुद्धा त्यानंतरच.’

मामा हलले नाहीत. कुलर घुमत होता, नवीन पंपाचं पाणी ताट्यांवरून झिरपत होतं.

‘मंग आपले लोकं काय खात?’

‘मिरी, पिंपळी, सुंठ. लवंग वगैरे होतंच.’

‘पण तर्री?’

‘लाल नसणार.’

मामा उठले. आत जाऊन माठातलं दोन पेले पाणी प्यायले. नातेवाईक गेल्याचा निरोप आल्यावर माणूस जसा चपला शोधतो तसे थोडे इकडेतिकडे फिरले आणि परत येऊन खुर्चीत बसले. माझ्या खुर्चीत.

‘हे कोनाले सांगू नोको,’ म्हणाले. ‘इतवारीत तं बिलकुलच नाई.’

त्या रात्री मामा गुडघ्याचं निमित्त सांगून राहिले. दुसऱ्या रात्री निमित्तही सांगितलं नाही. माऊस धरता येत नव्हता तोवर मला हुकूम सुटत होते. ‘भट्टी मांगं कायले लावली? समोर आन. वास रस्त्यावर गेला पाह्यजे.’ भट्टी समोर आणली, गिऱ्हाईक खरंच वाढलं. भट्टीमुळे की वीकएन्डमुळे, हे मला कळलं नाही आणि मामांना शंका नव्हती. मी हौसेने ठेवलेला गवय्या त्यांनी पहिल्याच दिवशी काढला. ‘गाणं आयकत बसला तं उठन कधी?’ पोट्टा दमून खांबाला टेकला की मामा पडद्याला हात लावून ओरडत, ‘ए, टेबल पाय टेबल!’ माझ्या दोन चांदण्यांच्या त्या खानावळीला चौथी चांदणी मिळाली आणि मी घरात माठाजवळ उभा राहून पाणी देणारा झालो. बायकोचं म्हणणं, तीन दिवसांत मी पहिल्यांदाच कोणाला तरी पाणी विचारलं.

रोज संध्याकाळी एक टकला यायचा. तपकिरी झगा, एकटा, सगळ्यात स्वस्त ती ओटची पेज घ्यायचा. मी मामांना समजावलं, की ही माणसं कॉम्प्युटर आपोआप बनवतो, तो रोजचा तोच नसतो. मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि शेकोटीजवळच्या कोपऱ्यात एक बाक लावला. एकाच माणसापुरता. धंद्याच्या हिशोबाने ती जागा मोक्याची, तिथे चार जणांचं टेबल मावतं. मी तसं बोललोही.

‘मागावर कापड विननारा एक होता आपल्याकडं,’ मामा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. ‘रोज साडेनऊले. अर्धी प्लेट, दोन पोळ्या. कधी बोलला नाई.’

एवढंच. पुढे काही सांगितलं नाही. कोंबडी झाली होती, ती उचलायची होती.

चौथ्या रात्री मी दहालाच आडवा झालो. मामा एकटे बसले होते. दोनच्या पुढे कधीतरी कुलरचा आवाज बंद झाला आणि त्या शांततेनेच जाग आली. लाईट गेली होती. यूपीएसची बॅटरी गेल्या पावसाळ्यापासून मेलेली, त्याने चार वेळा ‘टीं टीं’ केलं आणि तोही गेला. काळोखात मामांची आकृती, हात माऊसवर तसाच.

मला एकदम आठवलं, की कॉम्प्युटर अडकतो म्हणून पोराने ऑटोसेव्ह बंद केलेलं होतं. आपणहून सेव्ह करायचं असतं, हे मामांना मी सांगितलंच नव्हतं. चौथी चांदणी, समोर आणलेली भट्टी, भरलेली पिंपं, चार रात्रींची कमाई. हे आता कसं सांगावं, याची मी जुळवाजुळव करत होतो.

‘बे,’ अंधारातून आवाज आला. ‘त्या टकल्याचं जेवण झालं होतं का?’

‘झालं असेल मामा.’

‘नाई. पेज भट्टीवरच होती.’

सव्वातीनला लाईट आली. गेम सुरू केला, तर मी चार दिवसांपूर्वी शेवटचं सेव्ह केलं होतं तिथे उघडला. दोन चांदण्या, भट्टी मागे, गवय्या पुन्हा हजर. कोपरा रिकामा. सगळी टेबलं भरलेली आणि दारात तो तपकिरी झगेवाला उभा, डोक्यावरची पट्टी पिवळ्याची लाल होत चाललेली.

मी शेकोटीत लाकूड टाकायला निघालो होतो, मामांनी मनगट धरलं.

‘लाकडं राहू दे,’ म्हणाले. ‘बाक लाव पह्यले.’