आधार आणि दोन प्रतिज्ञापत्रं : आईच्या ग्रीन कार्डासाठी एवढं पुरत नाही

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आला. थोडक्यात तो असा : ‘अमेरिकेचा नागरिक झालेल्या मुलाने आईवडिलांसाठी अर्ज करताना जन्मदाखल्याची काळजी करू नये. १९७० च्या आधी जन्माच्या नोंदीच होत नसत. आधार आणि पासपोर्टावर जन्मतारीख आहे, ती चालते. सोबत कुठल्याही दोघांची शंभराच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्रं द्या. तरी अडलं तर तहसीलमधून नवा दाखला काढा, तो सगळ्यांत भक्कम. भाषांतर मात्र नोटरीकडूनच हवं.’

माझ्या आईची फाइल मी स्वतः केली. त्यानंतर ओळखीतल्या काही जणांच्या फाइलींत हात घातला. हा मजकूर वाचून तयारी करणारी माणसं ऐन वेळी अडकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मजकुरात जे अजिबात नाही तेच आधी. आईसाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला अमेरिकेत आणण्याचा पहिला अर्ज, भरताना पहिला प्रश्न येतो तो मुलाच्या जन्मदाखल्याचा. त्यावर मुलाचं आणि आईचं नाव असलं तरच नातं सिद्ध होतं. आईचा स्वतःचा दाखला पुढे, व्हिसाच्या टप्प्यावर लागतो. भावासाठी किंवा बहिणीसाठी अर्ज असेल तर दोघांचेही दाखले हवेत आणि दोन्हींवर आई किंवा वडील तेच दिसायला हवेत. लोक आईच्या कागदांमागे सहा महिने पळतात आणि स्वतःच्या दाखल्यावर नावाच्या जागी काहीच लिहिलेलं नाही हे शेवटी बघतात. बारशाआधीच नोंद झाली की असं होतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ नुसार नाव नंतर घालता येतं, पण नियमांत त्याला १५ वर्षांची मर्यादा आहे. राज्याने अधूनमधून मुदतवाढ दिली, तरी ती कायम मिळेल असं धरून चालू नका.

दुसरी अडचण आपल्याकडची खास आहे. लग्नात आईचं नाव बदललेलं असतं. माझ्या दाखल्यावर आई सासरच्या नावाने आहे, तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरच्या. अमेरिकन अधिकाऱ्याला या दोन वेगळ्या बायका वाटल्या तर त्यात त्याची चूक नाही. विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे सांगणारं प्रतिज्ञापत्र, हे दोन्ही सुरुवातीलाच जोडा.

‘१९७० च्या आधी नोंदीच नसत’ हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भारतासाठीची कागदपत्रांची सूची १ एप्रिल १९७० ही सीमा मानते आणि त्याआधी जन्मलेल्यांचे पर्यायी पुरावे विचारात घेते, एवढा भाग बरोबर. पण नोंदी होत होत्या. मुंबई, पुण्याच्या पालिकांकडे कितीतरी जुनी रजिस्टरं आहेत. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदी नागरी निबंधकांकडे मिळतात. खेड्यांत कोतवाल बुक होतं, म्हणजे गावच्या कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंदवही (गाव नमुना १४), आणि ते तहसीलच्या अभिलेख कक्षात पाहायला मिळतं. जात पडताळणीसाठी आपण तिथे रांग लावतो, पण व्हिसासाठी कुणाला ते आठवत नाही. आईची नोंद मला तिथेच सापडली : आजोबांचं नाव, गाव, तारीख आणि ‘मुलगी’. आईचं नाव त्यात नव्हतं. तरीही तिच्या जन्माच्या वेळी, त्या गावात, सरकारी माणसाने लिहिलेला तो कागद होता. त्याची प्रमाणित नक्कल शाळा सोडल्याच्या दाखल्याशेजारी ठेवली तेव्हा फाइलला वजन आलं.

शोधूनही काही मिळालं नाही तर मोकळ्या हाताने परतू नका. जन्मगावच्या निबंधकाकडून, म्हणजे ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून, नोंद आढळत नसल्याचा दाखला घ्या. त्याला नमुना १० म्हणतात. पर्यायी पुराव्याआधी हा कागद मागितला जाऊ शकतो.

आधारबद्दल फार लिहायची गरज नाही. ते जन्मतारखेचा पुरावा नाही, हे खुद्द आधार प्राधिकरणाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वय ठरवताना आधारापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. पासपोर्ट लागतोच, पण ओळखीसाठी. शिवाय आपल्या आधीच्या पिढीत निम्म्या घरात कुणाची तरी तारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. कोतवाल बुकातली तारीख वेगळी निघाली तर ती लपवू नका. फरक का पडला हे प्रतिज्ञापत्रात सरळ सांगा. आईवडिलांच्या अर्जात वय निर्णायक नसतं, पण २१ वर्षांखालील मुलांच्या अर्जात तारखेवर सगळं ठरतं.

प्रतिज्ञापत्राचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. स्टॅम्प शंभराचा की पाचशेचा, याने काही ठरत नाही. अमेरिकन नियमाचा क्रम असा : आधी मूळ दाखला, तो नसेल तर पर्यायी कागद, आणि तेही नसतील तरच दोन किंवा अधिक प्रतिज्ञापत्रं. तीही अर्जदार (इथे मुलगा) आणि लाभार्थी (इथे आई) सोडून इतरांची, ज्यांना त्या जन्माची प्रत्यक्ष माहिती आहे अशांची. लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, स्वतःची जन्मतारीख आणि जन्मस्थळ, नातं, आणि जन्माबद्दल त्याला कसं कळलं, हे सगळं त्यात हवं. शेजारच्या सोसायटीतला, आईपेक्षा दहा वर्षांनी लहान असलेला मित्र तिच्या जन्माबद्दल काय सांगणार? माझी थोरली मावशी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि बाळंतपण घरीच झालं होतं. तिने हे तिच्याच शब्दांत सांगितलं. घरात अशी वडीलधारी माणसं असतील तर त्यांची प्रतिज्ञापत्रं आजच करून ठेवा, अर्ज कधीही भरायचा असो.

आता ‘नवा दाखला सगळ्यांत भक्कम’. जन्मानंतर साठ वर्षांनी नोंदवलेला दाखला कायदेशीर असू शकतो, पण त्याचा पुरावा म्हणून कस कमी असतो. २०१७ च्या रेहमान प्रकरणात अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळाने म्हटलं की जन्माच्या वेळी नोंद झालेली नसेल तर तो दाखला बाकीच्या पुराव्यांसोबत आणि नोंद कुठल्या परिस्थितीत झाली ते पाहून तपासावा. इकडे महाराष्ट्रातही अशा उशिराच्या नोंदींची २०२५ मध्ये चौकशी झाली आणि कार्यपद्धती कडक केली गेली. एजंटाने ‘करून दिलेला’ दाखला खोटा निघाला तर तो अर्ज तर जातोच, शिवाय महत्त्वाच्या बाबीत खोटी माहिती दिल्याबद्दल कायमची अपात्रता येऊ शकते. तिला माफी मिळवणं फार कठीण असतं. उशिराची नोंद खरी असेल तर जरूर जोडा, पण ज्या जुन्या कागदांच्या आधारे ती झाली तेही सोबत द्या.

आणि भाषांतराला नोटरी लागत नाही. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून दिलं की झालं. आईच्या नोंदीच्या नकलेचं भाषांतर माझ्या एका शिक्षिका मैत्रिणीने केलं, ‘कोतवाल’ म्हणजे काय हे सांगणाऱ्या एका ओळीसकट.