स्लॅप्टनचा इतिहास कुणी दडवला नव्हता

इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरच्या स्लॅप्टन सँड्सची एक गोष्ट इंटरनेटवर वर्षानुवर्षे फिरते आहे. एप्रिल १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याच्या हल्ल्याची रंगीत तालीम चालू असताना जर्मनांनी शेकडो अमेरिकन सैनिक बुडवले. ब्रिटिश आणि अमेरिकन सरकारांनी ही नामुष्की चाळीस वर्षे दाबून ठेवली. मृतदेह गुपचूप शेतात पुरले. शेवटी एका हॉटेलमालकाने समुद्रातून रणगाडा बाहेर काढला, तेव्हा कुठे बिंग फुटलं.

यातलं सैनिक बुडाल्याचं खरं आहे. स्लॅप्टनचा खडेदार किनारा आणि त्यामागचं तळं नॉर्मंडीतल्या 'युटा' असं सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्याशी मिळतंजुळतं होतं, म्हणून सरावासाठी तीच जागा निवडली. २८ एप्रिलच्या पहाटे, अंधारातच, फ्रान्समधल्या शेरबूर्ग बंदरातून आलेल्या जर्मन टॉर्पेडो नौकांनी लाइम उपसागरात सैनिक आणि रणगाडे वाहून नेणाऱ्या आठ जहाजांच्या ताफ्यावर हल्ला केला. दोन जहाजं बुडाली, तिसरं मोडक्या अवस्थेत बंदराला लागलं. संरक्षणाला नेमलेली विनाशिका आदल्या दिवशीच्या टकरीमुळे दुरुस्तीला गेली होती, आणि अमेरिकन जहाजांना दिलेली रेडिओची फ्रीक्वेन्सीच चुकीची होती. कित्येकांनी बुडू नये म्हणून दिलेले हवेचे पट्टे काखेखाली न बांधता कमरेला बांधले होते. पाठीवरच्या ओझ्यासकट पाण्यात पडताच ते उलटे झाले आणि डोकं पाण्याखाली गेलं. अमेरिकन नौदलाच्या नोंदीप्रमाणे मृत ७४९: लष्कराचे ५५१, नौदलाचे १९८.

आता 'चाळीस वर्षे दाबून ठेवलं' याबद्दल. वाचलेल्यांना तोंड बंद ठेवायची सक्त ताकीद होती, हे खरं. पण नॉर्मंडीचा हल्ला जेमतेम सहा आठवड्यांवर आला होता. हल्ल्याची जागा ठाऊक असलेले दहा अधिकारी बेपत्ता होते, आणि त्यांतला एकजण जरी शत्रूच्या हाती लागला असता तरी सगळा बेत फसला असता. दहाही जणांचे मृतदेह सापडेपर्यंत वरिष्ठांच्या जिवात जीव नव्हता. नॉर्मंडीत पाय रोवल्यावर, ऑगस्ट १९४४ मध्ये, दोस्तांच्या मुख्यालयाने या जीवितहानीची माहिती स्वतःच जाहीर केली. दोस्तांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांचे नौदल सहायक हॅरी बुचर यांच्या १९४६ च्या पुस्तकात ही घटना आहे. १९५० च्या दशकातल्या अमेरिकन लष्कराच्या आणि नौदलाच्या इतिहासग्रंथांतही आहे. छापील पुस्तकात असलेली गोष्ट गुपित कशी?

शेतातल्या पुरलेल्या प्रेतांची कथा मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिच्यामुळे खऱ्या कबरींचा विसर पडतो. सापडलेले मृतदेह आधी ब्रुकवुडच्या दफनभूमीत गेले. युद्धानंतर काही केंब्रिजजवळच्या अमेरिकन दफनभूमीत हलवले, काही मायदेशी पाठवले. जे सापडलेच नाहीत त्यांची नावं केंब्रिजच्या त्याच दफनभूमीतल्या भिंतीवर कोरलेली आहेत.

आणि रणगाडा? गोष्टीतला तो हॉटेलमालक म्हणजे स्लॅप्टनजवळच्या टॉरक्रॉसचे केन स्मॉल. त्यांनी तो अमेरिकन सरकारकडून ५० डॉलरला विकत घेतला आणि १९८४ मध्ये वर काढला. ही त्यांची जिद्द फार मोठी. त्यांच्यामुळे लोकांना त्या किनाऱ्यावर थांबून मृतांसाठी मान झुकवायला जागा मिळाली. पण तो रणगाडा टॉरक्रॉसपासून मैलभराच्याही आतल्या पाण्यात सापडला, आणि जहाजं बुडाली ती दूर पूर्वेला, इंग्लंडच्याच किनाऱ्यावरच्या पोर्टलंडच्या बाजूला. त्या रात्रीचा तो असूच शकत नाही.

तक्रार करायचीच तर ती वेगळीकडे आहे. १९५४ मध्ये अमेरिकन लष्कराने त्या किनाऱ्यावर स्तंभ उभारला. त्यावर सरावासाठी घरं सोडणाऱ्या गावकऱ्यांचे आभार आहेत, मृतांचा मात्र चकार शब्द नाही. आणि ज्या गावकऱ्यांचे आभार मानले, त्यांना फिरत्या गोष्टीत जागाच नाही. सुमारे ३,००० माणसं आणि ३०,००० एकर जमीन डिसेंबर १९४३ च्या ऐन हिवाळ्यात काही आठवड्यांत रिकामी झाली. गाईगुरं, पेंढा, भांडीकुंडी, सगळं हलवलं. चर्चच्या दारांवर एक्झिटरच्या बिशपांनी सैनिकांसाठी सूचना लावली होती: इथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, त्यांनी ही शेतं कसली, त्यांची माणसं या आवारात पुरलेली आहेत, जपा. कटाची कथा सांगणाऱ्यांना ही सूचना कधी दिसत नाही.

आपल्याकडचंच बघा. खडकवासल्याच्या तलावाच्या उत्तर काठावर दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याच्या सरावाचं केंद्र होतं. त्यासाठी 'एचएमएस अँगोस्तुरा' नावाचं नकली जहाजही उभारलं होतं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला ही जागा मिळण्यामागे ते एक कारण होतं. हे कुणी लपवलेलं नाही, तरी तलावाकाठी कणीस खायला जाणाऱ्या किती पुणेकरांना ते ठाऊक आहे? तिथे सराव केलेल्यांपैकी आज हयात कुणी असलंच तर शंभरीच्या आसपास असणार. कुणाच्या घरात आजोबा-पणजोबांची त्या काळातली पत्रं, फोटो, पगारपुस्तिका असतील तर रद्दीत घालण्याआधी त्यांचे स्कॅन काढा, फोटोतल्या माणसांची नावं मागे लिहून ठेवा आणि एक प्रत एखाद्या अभिलेखागारात द्या.