नुसतं पॅकिंग तर बदलायचंय

इंजिनातून तेल गळतंय हे आधी नाकाला कळतं. गाडी उभी केली की बॉनेटच्या फटीतून जळक्या तेलाचा वास येतो आणि आपण मोठ्या आशेने शेजारी उभ्या असलेल्या गाडीकडे बघतो. मग एक दिवस शेजारी गाडी नसते, वास मात्र असतो. बॉनेट उघडावं लागतं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या, कडेने तेल आणि धूळ यांचं काळं लिंपण झालेलं असतं आणि तिथून ओघळ थेट तापलेल्या एक्झॉस्टवर. अशा वेळी तोंडातून जे वाक्य निघतं ते या लेखाचं शीर्षक आहे. त्यातल्या 'नुसतं' या शब्दाची किंमत साधारण एक रविवार.

बिचाऱ्या पॅकिंगची, म्हणजे त्या झाकणाखालच्या रबरी गास्केटची, बाजू आधी सांगतो. रबराचं काम दोनच शब्दांचं: दबायचं आणि उलट दाबायचं. इंजिनाचं डोकं (सिलिंडर हेड) आणि कव्हर यांच्यामध्ये चेपून घेऊनही ते सतत बाहेर रेटत असतं, म्हणून तेल आत राहतं. वर्षानुवर्षं भाजून निघालं की ते कडक होतं आणि रेटणं सोडून देतं. नवं पॅकिंग बोटाभोवती गुंडाळता येतं, जुनं काढताना कटाकटा तुकडे पडतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पण गळतंय ते नक्की तिथूनच का, हे बघायला कुणालाच धीर नसतो. तेल वरून खाली उतरतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे फेकलं जातं. थेंब गिअरबॉक्सजवळ पडतो, गुन्हेगार वर पुढच्या कोपऱ्यात बसलेला असतो. म्हणून थंड इंजिन डिग्रीझरने धुवायचं (अल्टरनेटर आणि कनेक्टर प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकून), वाळवायचं, वीस-तीस किलोमीटर गाडी चालवायची आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत यायचं. सगळ्यात वर जिथे ओलं दिसेल तिथून सुरुवात. आणि हो, आधी तेल भरायच्या झाकणाची रिंग बघा. अख्खं कव्हर उतरवल्यावर झाकणच गळत होतं असं कळण्यासारखा अपमान नाही.

दुसरी तपासणी पीसीव्ही व्हॉल्व्हची. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतोच. त्याला बाहेर जायची वाट म्हणजे हा व्हॉल्व्ह. तो चिकटून बंद झाला की आतला दाब वाढतो आणि तेलाला जिथे फट सापडेल तिथून बाहेर ढकलतो. मग पॅकिंग कितीही नवं घाला, ते महिन्याभरात रडू लागतं. सुटा निघणारा व्हॉल्व्ह कानाशी धरून हलवा. खुळखुळ्यासारखा वाजला तर ठीक, मुका असेल तर बदला.

आता उघडायला घ्यायचं. इंजिन पूर्ण थंड हवं. एअर फिल्टरचा पाइप, ब्रीदरची नळी, मग इग्निशन कॉइलचे कनेक्टर. या कनेक्टरांची प्लॅस्टिकची कुलपं उष्णतेने पापडासारखी झालेली असतात. आधी कनेक्टर आत दाबायचा, मग कुलूप उचलायचं, मग ओढायचं. उलट क्रमाने केलं की 'कट्' असा एक बारीक आवाज येतो आणि तो कनेक्टर पुढे जन्मभर केबल टायवर जगतो.

कॉइल वर काढल्यावर तिची रबरी बाही तेलाने निथळत असेल, तर प्लगच्या विहिरीत तेल साचलंय. तिथल्या गोल रिंगाही गेल्या, त्या याच पॅकिंगच्या सेटमध्ये मिळतात का ते आधीच विचारून घ्यायचं. प्लगला हात लावण्यापूर्वी ते तेल सिरिंज आणि नळीने ओढून काढा. प्लग आधी खोललात तर सगळा साठा सरळ सिलिंडरमध्ये उतरतो आणि पहिल्या स्टार्टला पांढऱ्या-निळ्या धुराचा असा लोट निघतो की आपण गायब.

कव्हरचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करत काढायचे. बहुतेक ठिकाणी एम-६ चे असतात, दहा नंबरच्या गोटीने (सॉकेटने) निघतात. ही दहा नंबरची गोटी एकदा तरी निसटते आणि जमिनीपर्यंत पोचत नाही. ती खालच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये जाऊन बसते आणि पुढच्या प्रत्येक वळणावर 'मी इथे आहे' म्हणून वाजते. बोल्टांची लांबी सारखी असेलच असं नाही, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, भोकं पाडून, ज्याचा बोल्ट त्याच्या जागी खोचायचा.

बोल्ट निघाले तरी कव्हर निघत नाही. त्या क्षणी हात आपोआप मोठ्या स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. जाऊ देऊ नका. ॲल्युमिनियमच्या कडेवर एक ओरखडा पडला की तेलाला कायमची पायवाट मिळाली. कडेने रबरी हातोडीने टपल्या मारत फिरायचं, कुठेतरी चिकटपणा सुटतोच.

खरं काम आता सुरू होतं आणि ते म्हणजे साफसफाई. पॅकिंग बसवायला दहा मिनिटं, जागा साफ करायला दीड तास, आणि उलट वाटप करणाऱ्याकडे गळती परत येते. कॅमशाफ्टवर स्वच्छ, लोंबते धागे नसलेलं फडकं अंथरा. प्लॅस्टिकच्या पट्टीने जुने तुकडे खरवडा, मग फडक्यावर ब्रेक क्लीनर घेऊन दोन्ही पृष्ठभाग पुसा, अगदी बोट फिरवून कोरडं लागेपर्यंत. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्या इथे अजिबात नकोत. काम झटकन होतं, पण त्यांची पूड तेलात मिसळून बेअरिंगांपर्यंत जाते. थेंबभर गळती थांबवण्यासाठी अख्खं इंजिन खोलायची वेळ येते.

मग सिलिकॉन, म्हणजे सांधे बुजवायची पेस्ट. या ट्यूबने माणसाला वेड लावलंय. जरा जास्तच लावू, सेफ राहील, असं म्हणत लोक कडेने केक सजवल्यासारखी रांग काढतात. रबरी पॅकिंग बहुधा कोरडंच बसवायचं असतं. सिलिकॉन फक्त जिथे दोन भागांचा सांधा खालून येतो तिथे: टायमिंग कव्हर डोक्याला मिळतं तो कोपरा, कॅमच्या शेवटच्या कॅपची पायरी. तिथे साधारण ३ मिलिमीटरचा ठिपका. जेवढं बाहेर ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळलेलं असतं, आणि आतलं सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. ठिपका लावला की ट्यूबवर लिहिलेल्या मिनिटांच्या आत कव्हर बसलं पाहिजे. फोन वाजला तर वाजू द्या.

बोल्टांच्या डोक्याखालचे रबरी वॉशरही बदला. हे मी दोनदा लिहायला तयार आहे. कव्हरला खाली दाबून धरतात ते तेच. ते कडक झालेले असतील तर नवं पॅकिंग नीट दाबलंच जात नाही, आणि मग शिव्या नव्या पॅकिंगला बसतात.

आता घट्ट करणं. इथे आपली सगळी शिकवण आडवी येते, कारण घट्ट म्हणजे चांगलं हे हाताला कुणी न सांगता माहीत असतं. या बोल्टांना बहुतेक गाड्यांत ८ ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा. १० न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला जेमतेम ५ किलोचा भार. मनगटाने होणारं काम आहे, खांद्याचा संबंध नाही. मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत. आधी सगळे बोटांनी, मग अर्ध्या टॉर्कवर, मग पूर्ण. टॉर्क रेंचने 'टक्' केलं की थांबायचं. 'अजून एक पाव फेरा, मनाच्या समाधानासाठी' हा जो आहे, त्याच पाव फेऱ्यात पॅकिंग बाजूला पिळून निघतं, कव्हर वाकतं, किंवा पाना अचानक लोण्यात फिरल्यासारखा हलका होतो. आटे गेले. मग हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवायचं आणि 'नुसतं'चा अर्थ नव्याने शिकायचा.

याच उत्साहात हेड गास्केटकडे, म्हणजे डोकं आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगकडे, वळू नका. नाव सारखं असलं तरी ती वेगळी जात आहे. कूलंट कमी होतंय, तेल दुधाळ झालंय, तर तिथे डोक्याचा सपाटपणा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो आणि कित्येक इंजिनांत बोल्ट ताणले जाणारे, म्हणजे एकदाच वापरायचे असतात. ऑइल चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचं, पॅकिंग घरी होतं, फक्त गाडी जॅकवर नाही तर घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवलेली हवी. जॅक उचलण्यासाठी असतो, खाली झोपण्यासाठी नाही.

सिलिकॉनला ट्यूबवर सांगितला असेल तेवढा वेळ, बहुधा रात्रभर, द्या. मग स्टार्ट करून टॉर्चने कड बघत दहा मिनिटं आयडलवर. वास येईल. घाबरू नका, उघडताना एक्झॉस्टवर सांडलेलं तेल जळतंय, दोन-तीन फेऱ्यांत जाईल. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनाने मारून ठेवा, म्हणजे ठिपका कुठल्या भागाखाली पडला ते कळतं. सकाळी डाग दिसला तर आधी बोट लावून बघा. पातळ, बिनवासाचा असेल तर ते एसीचं पाणी. चिकट आणि तपकिरी असेल, आणि कव्हरची कड मात्र कोरडी ठणठणीत असेल, तर बहुधा चेंबरचं पॅकिंगही बऱ्याच दिवसांपासून गळत होतं. वरच्या ओघळाखाली इतके दिवस ते दिसत नव्हतं एवढंच.