बेडिंगबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजचा खुलासा

कोल्हापुरातल्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय, की सेमी ऑटोमॅटिक (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणाऱ्या) टार्गेट रायफलला स्टॉक बेडिंग केलं की सगळ्या गोळ्या एकाच भोकात जातात आणि आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसचं ब्राँझ अशाच सेमी ऑटोवर मारलं. भावांनो, तो इव्हेंट 50 मीटर थ्री पोझिशनचा, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा, त्यात सेमी ऑटो चालतच नाही, प्रत्येक शॉटला हातानं एकेक गोळी भरायची.

आता बेडिंग. अ‍ॅक्शन (गोळी भरून उडवणारा धातूचा भाग) आणि स्टॉक (खांद्याला टेकवायचा दांडा) यांच्यातली फट इपॉक्सीनं, म्हणजे घट्ट होणाऱ्या गोंदानं भरायची, म्हणजे अ‍ॅक्शन प्रत्येक शॉटनंतर त्याच जागी बसते, एवढंच. बॅरल खराब किंवा गोळ्या मिक्स लॉटच्या, म्हणजे वेगवेगळ्या बॅचच्या असल्या तर बेडिंग काय करणार, कोल्हापुरी चप्पल फिट बसली म्हणून पळता येतं काय?

गरज आहे का ते आधी बघा. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, ती उभी धरून स्टॉकचं टोक आणि बॅरल जिथं भेटतात तिथं बोट टेकवा, अ‍ॅक्शनचा स्क्रू हळूहळू ढिला करा, बोटाला हालचाल जाणवली तर अ‍ॅक्शन ताणात बसलीय, म्हणजे बेडिंगची गरज आहे.

आणि बेडिंग कायमचं नसतंय, एम 14 सारख्या अमेरिकन लष्करी रायफलीत अ‍ॅक्शन सारखी काढघाल केली की ते झिजतं. घरी करणार असाल तर धातूला रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) लावायला विसरू नका, नाहीतर अ‍ॅक्शन स्टॉकलाच चिकटून बसेल. त्यापेक्षा लायसनवाल्या गनस्मिथकडं द्या की.